चुलीमागची भिंत

ज्या वणी जिल्ह्यास १९०५ साली यवतमाळ हे नाव मिळाले, त्या मुलखात रयतेच्या घरातील आतली भिंत म्हणजे बहुधा पऱ्हाटीचा वा तुराटीचा कूड. आणि वाळक्या काड्यांचा हा आडोसा चुलीशेजारी उभारणे म्हणजे अग्नीस आवतणच असल्यामुळे, चुलीमागचा तेवढा भाग मातीने जाड रचून मगच पुढे कूड जोडणे शहाणपणाचे होते. लिंपणाला तडा गेला की आतली काडी उघडी पडते. म्हणून चुलीचे पोतेरे चुकू न देण्यात मला तरी टापटिपीपेक्षा सावधगिरीच अधिक दिसते.

पुढे कापसातील सरकी काढणाऱ्या, वाफेवरच्या जिनांची उंच धुराडी आली, मूर्तिजापूरचा अरुंद लोहमार्ग आला, आणि हाच प्रश्न गवंड्यापुढे निराळ्या रूपात उभा राहिला. धुराडे तापले की वाढते, निवले की आकसते. सबब त्याच्या विटांत शेजारच्या भिंतीचे दाते गुंतविणे अथवा सागवानी तुळईचे टोक खुपसणे वर्ज्य, मध्ये फट राखावी आणि ती लाकडाने कदापि बुजवू नये. सरकारने १९२३ साली बॉयलरांसाठी व १९२५ साली जिन-प्रेसांसाठी कायदे केले खरे. पण उडती रुई कायदा थोडाच वाचते?