निसर्ग: 55 तासांचा इशारा, 163 दिवसांची वाट

वादळ किनाऱ्याला कधी लागणार, हे हवामान खाते तासातासाने सांगते. मदत दारात कधी पोहोचणार, हे कोणीच सांगत नाही. जून 2020 मध्ये कोकणावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाचा घटनाक्रम म्हणूनच पुन्हा मांडायला हवा. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातल्या हट्टा गावापासून अरबी समुद्र सातशे किलोमीटरहून जास्त दूर. तरीही या हिशेबात हा जिल्हा येतो.

1 जून, पहाटे 5.30. तडाख्याला 55 तास
अरबी समुद्रातल्या कमी दाबाच्या क्षेत्राची तीव्रता वाढते. वादळ उत्तरेकडे सरकून मग महाराष्ट्राच्या किनाऱ्याकडे वळेल, असा अंदाज येतो. करोनाच्या टाळेबंदीमुळे मुंबईचे अनेक चाकरमानी गावी परतलेले. कोकणातली घरे माणसांनी भरलेली.

2 जून, पहाटे 5.30. तडाख्याला 31 तास
तीव्रता आणखी वाढते. हरिहरेश्वर ते दमण या पट्ट्यात, अलिबागजवळ वादळ जमिनीवर येईल, असा इशारा दिला जातो. एनडीआरएफची पथके किनाऱ्यावर पोहोचतात. मच्छीमारांना समुद्रात जायला मनाई होते.

2 जून, दुपार. तडाख्याला सुमारे 24 तास
कमी दाबाचे क्षेत्र आता चक्रीवादळ झाले आहे. बांगलादेशाने सुचवलेले ‘निसर्ग’ हे नाव त्याला मिळते. रायगडमध्ये कच्च्या घरांतल्या हजारो लोकांना शाळांत आणि समाजमंदिरांत हलवायला सुरुवात होते. माणसांना एकत्र ठेवावे तर करोनाची भीती, घरात ठेवावे तर छपराची. तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील आणि आशाताईंनी ही दुहेरी जबाबदारी पेलली.

3 जून, पहाटे 5.30. तडाख्याला 7 तास
आता ते तीव्र चक्रीवादळ. ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाच्या वाऱ्याची शक्यता. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे मुंबईकडे लागलेले, वादळाची वाट मात्र श्रीवर्धन-मुरूडकडून जाणारी.

3 जून, दुपारी 12.30 ते 2.30
अलिबागच्या दक्षिणेला, रायगडच्या किनाऱ्यावर वादळ जमिनीवर येते. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळा आणि रत्नागिरीतल्या मंडणगड-दापोलीत कौले आणि पत्रे उडतात, विजेचे खांब आडवे होतात. रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर एक जहाज येऊन आदळते. इशारा वेळेवर मिळाल्याने बरेच जीव वाचले, आणि त्याचे श्रेय यंत्रणेला द्यायलाच हवे. पण पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या.

इथून पुढे तासांचा हिशेब थांबतो आणि दिवसांचा सुरू होतो.

5 जून. दुसरा दिवस
मुख्यमंत्री उद्धव ठाकरे अलिबागला येतात आणि रायगडसाठी तातडीचे 100 कोटी रुपये जाहीर करतात. दोनच आठवड्यांपूर्वी ‘अम्फान’ वादळानंतर केंद्राने पश्चिम बंगालला 1,000 कोटी आणि ओडिशाला 500 कोटींची आगाऊ मदत दोन दिवसांत जाहीर केली होती. अम्फानचा विध्वंस मोठा होता, हे खरेच. पण मग आगाऊ मदत कोणत्या नुकसानीला मिळते आणि कोणत्या नाही, याचा निकष आधी लिहिलेला असावा आणि तो सर्वांना ठाऊक असावा.

10 जून. सातवा दिवस
आपत्ती निवारणाच्या प्रचलित निकषांनुसार पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला 95,100 रुपये आणि फळबागेला हेक्टरी 18,000 रुपये मिळत. राज्य मंत्रिमंडळ ही रक्कम अनुक्रमे दीड लाख आणि हेक्टरी 50,000 रुपयांवर नेते. निर्णय चांगला होता, पण त्याचे माप कोकणाला बसणारे नव्हते.

त्या मापाचा हिशेब असा. सुपारीची झाडे साधारण 2.7 मीटरवर लावतात, म्हणजे एका हेक्टरात सुमारे 1,370 झाडे बसतात. वाढीव दरानेही एका झाडामागे 36 रुपये पडतात, जुन्या दराने 13. पोफळ लावल्यापासून उत्पन्न सुरू व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. श्रीवर्धनची वाडी हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यांत मोजतात. पाच गुंठ्यांच्या वाडीला वाढीव दराने सुमारे 2,500 रुपये येतात, तेवढ्यात पडलेली झाडे तोडून उचलण्याची मजुरीही निघत नाही. त्यातच सातबारा सामाईक. एक भाऊ वाडी कसतो, बाकीचे मुंबईत. त्यांच्या संमतीच्या कागदावाचून मदत पुढे सरकत नाही.

13 नोव्हेंबर. 163 वा दिवस
राज्याने मदतवाटप आधीच सुरू केले होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतली अतिरिक्त मदत केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समितीने या दिवशी मंजूर केली. महाराष्ट्राला निसर्ग वादळासाठी 268.59 कोटी. त्याच बैठकीत मध्य प्रदेशाला त्या पावसाळ्यातल्या पुरांसाठी 611.61 कोटी. ऑगस्टच्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला होता. म्हणजे बालाघाटचा धान पाण्याखाली गेल्यावर मंजुरीला अडीच महिने लागले. श्रीवर्धनचा बागायतदार आणि वैनगंगेकाठचा धान उत्पादक एकाच रांगेत उभे होते.

मे 2021. पुढचे वादळ
‘तौक्ते’ 17 मेच्या रात्री गुजरातेत जमिनीवर आले. 19 मे रोजी पंतप्रधानांनी हवाई पाहणी करून गुजरातला 1,000 कोटी जाहीर केले. वाटेत त्याच वादळाने कोकणालाही झोडपले होते. महाराष्ट्राने त्या वेळी नारळाला प्रतिझाड 250 आणि सुपारीला 50 रुपये ठरवले. दर तुटपुंजा राहिला, पण सरकार झाडे मोजू शकते, हे त्यातून सिद्ध झाले.

आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 12 मध्ये मदतीचे किमान निकष ठरवण्याची तरतूद आहे. मदत किती दिवसांत द्यायची, याची मुदत त्या कलमात नाही. ती मुदत कायद्यात घातली पाहिजे. केंद्राने आगाऊ मदतीचा निकष प्रसिद्ध केला पाहिजे. बागायतीचे नुकसान सगळीकडे झाडांवर मोजले पाहिजे आणि कसणाऱ्याला त्याची भरपाई मिळाली पाहिजे. आणि हे होईपर्यंत प्रत्येक गावाने, श्रीवर्धन असो की हट्टा, एवढे नक्की करावे: पंचनाम्याची यादी ग्रामपंचायतीच्या फलकावर नाव, नुकसान आणि रकमेसह लावून घ्यावी, ती ग्रामसभेत मोठ्याने वाचून घ्यावी आणि सुटलेली नावे त्याच दिवशी लेखी कळवावीत.