सेक्स्टंट : शून्यावर न सापडणारा दोष

तत्त्वज्ञानाचा माणूस सेक्स्टंटवर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण आयुष्यभर 'हे ज्ञान खरं कशावरून?' हाच प्रश्न शिकवला, आणि या प्रश्नाला हातात धरता येईल असं रूप मला या पितळी उपकरणात दिसलं.

उपकरण काय आहे ते आधी थोडक्यात. दोन आरसे, एक छोटी दुर्बीण, एक फिरती भुजा आणि खाली अंशांच्या रेघा कोरलेला चाप. भुजा फिरवायची, सूर्याचं प्रतिबिंब क्षितिजावर आणून टेकवायचं आणि चापावरचा आकडा वाचायचा. सूर्य आणि क्षितिज दोन्ही एकाच दृश्यात दिसतात, म्हणून जहाज हलत असलं तरी माप घेता येतं. जॉन हॅडलीनं १७३१ साली हे तत्त्व रॉयल सोसायटीपुढे मांडलं, तेव्हा चाप वर्तुळाचा आठवा भाग होता. पुढे तो सहावा भाग झाला, म्हणून सेक्स्टंट, आपल्याकडे षष्ठांश. आरसा एक अंश फिरला की किरण दोन अंश फिरतो. त्यामुळे साठ अंशांच्या चापावर एकशेवीस अंश मोजता येतात. ही सोय आहे खरी, पण हिची किंमत पुढे मोजावी लागते.

आता दोष. आरसा चौकटीला काटकोनात नसणं, दोन आरसे शून्यावर समांतर नसणं, हे नेहमीचे दोष. पण ते उपकरण स्वतःच कबूल करतं. भुजा शून्यावर ठेवा, क्षितिजाकडे बघा. रेघ तुटलेली दिसली तर समजायचं की शून्य सरकलंय. स्क्रू फिरवून ते दुरुस्त करता येतं, किंवा फरक लिहून ठेवून हिशेबात धरता येतो. नाविक हे रोजच्या रोज करत असे.

दुसरा दोष बिलंदर आहे. भुजा ज्या खिळीभोवती फिरते ती खीळ चापाच्या नेमक्या केंद्रावर बसवलेली नसते. याला उत्केंद्रता म्हणतात. किती सरकलेली असते? समजा चापाची त्रिज्या २०० मिलिमीटर आहे आणि खीळ ०.०२५ मिलिमीटर बाजूला आहे, म्हणजे साधारण केसाच्या जाडीचा तिसरा हिस्सा. यानं भुजेच्या कोनात सुमारे २६ विकलांपर्यंत फरक पडतो आणि मघाच्या दुपटीमुळे वाचनात ५२ विकला, जवळजवळ एक कला. शून्यावर तपासलं तर काहीच सापडत नाही, कारण हा दोष चापाच्या प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. शून्यावर निर्दोष दिसणारं उपकरण सत्तर अंशांवर खोटं बोलू शकतं.

एका कलेनं काय बिघडतं, असं म्हणाल. अक्षांश काढताना फार नाही, एक सागरी मैल. पण अठराव्या शतकात रेखांश काढायला चंद्र आणि तारा यांतलं अंतर मोजत. त्यासाठी लागणारी कोष्टकं १७६७ पासूनच्या नॉटिकल अल्मनॅकमध्ये मिळू लागली होती. चंद्र ताऱ्यांमधून तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. म्हणजे एका कलेची चूक ही दोन मिनिटांची चूक, आणि दोन मिनिटं म्हणजे अर्धा अंश रेखांश. विषुववृत्तापाशी हे तीस सागरी मैल झाले. रात्रीच्या वेळी खडकाळ किनाऱ्याजवळ तीस मैल!

गंमत अशी की यावरचा उपाय सेक्स्टंटच्या जन्माआधीच समोर आला होता. जर्मन खगोलज्ञ टोबियास मायर यानं पूर्ण वर्तुळाचं उपकरण सुचवलं होतं. पूर्ण वर्तुळावर समोरासमोर दोन ठिकाणी वाचन घेऊन सरासरी काढली की केंद्र सरकल्याचा परिणाम आपोआप कटतो. एकीकडे जेवढं जास्त, तेवढंच दुसरीकडे कमी. त्याच्या कल्पनेप्रमाणे लंडनच्या जॉन बर्डनं वर्तुळ बनवलं आणि जॉन कॅम्पबेल नावाच्या कप्तानानं ते १७५७च्या सुमारास समुद्रावर वापरून पाहिलं. त्याला ते फार जड वाटलं. त्यापेक्षा अष्टमांशाचा चापच थोडा वाढवा, असं तो म्हणाला, आणि सेक्स्टंट आला. हात दुखतात म्हणून आपण साक्षीदार घालवला, असं मला नेहमी वाटतं. पण डोलत्या डेकवर ते वर्तुळ मला धरायचं नव्हतं, हेही खरं.

मग जेसी रॅम्सडन. त्यानं रेघा आखण्याचं यंत्र केलं. चाकाला २१६० दाते, स्क्रूचा एक फेरा म्हणजे दहा कला. १७७७ साली रेखांश मंडळानं त्याला ६१५ पौंड दिले. इतिहासाच्या पुस्तकांत इथे टाळ्या पडतात आणि त्या योग्यच आहेत, कारण रेघांचा दोष खरोखर आवाक्यात आला. उपकरणं लहान, हलकी झाली. पण त्रिज्या निम्मी केली की खिळीचा तेवढाच दोष कोनात दुप्पट होतो. हे सहसा सांगितलं जात नाही. एडवर्ड ट्रॉटननं १७९६ साली तीन ठिकाणी वाचन घेता येणारं परावर्तन वर्तुळ केलं, तरी बहुतेक नाविकांच्या हातात सेक्स्टंटच राहिला.

आपल्याकडे मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असतं. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून तपासावं लागतं, ते परतः असतं. शून्याचा दोष सेक्स्टंट स्वतः सांगतो, पण उत्केंद्रतेपुढे मीमांसकांचं काही चालत नाही. एकोणिसाव्या शतकात लंडनजवळच्या क्यू वेधशाळेत सेक्स्टंट तपासले जाऊ लागले. ज्ञात कोनांशी ताडून, चापाच्या ठरावीक अंशांवर किती कला-विकला मिळवायच्या किंवा वजा करायच्या, ते दाखल्यावर लिहून देत. जुन्या सेक्स्टंटच्या लाकडी पेटीचं झाकण उघडलं की आत असा दाखला चिकटवलेला अजूनही सापडतो. खीळ कुणी हलवली नाही. ती होती तिथेच राहिली, आणि तपासणाऱ्याची सही खाली.

बरं, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.