कोठुऱ्याचा खांब आणि खुराकाचा हिशेब

नाशिकहून पूर्वेला निफाडकडे निघाले की गोदावरीच्या काठी कोठुरे हे गाव लागते. मल्लखांबाच्या आखाड्यांत या गावाचे नाव आदराने घेतात, कारण बाळंभटदादा देवधर इथले. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पहिलवान आले, त्यांनी कुस्तीचे आव्हान दिले, कोणी पुढे होईना तेव्हा तरुण बाळंभटांनी ते स्वीकारले, अशी कथा आहे. तयारीसाठी ते वणीच्या सप्तशृंगी गडावर गेले. तिथे झाडांवर सरसर चढणारी माकडे पाहून त्यांना खांबावरचा व्यायाम सुचला आणि पुढे त्यांनी अलीला चीत केले.

वर्गात ही कथा मुले रंगून ऐकतात. पण इतिहास म्हणून सांगताना आपल्याला थोडे थांबावे लागते. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मल्लांच्या व्यायामाचे वर्णन आहे. वजने उचलणे, चालणे, पोहणे यांच्याबरोबर त्यात ‘स्तंभश्रम’, म्हणजे खांबावरची मेहनतही येते. खांब मग बाळंभटांच्या आधी निदान साडेसहाशे वर्षे होताच. त्यांनी मागे पडलेली विद्या पुन्हा उभी केली आणि शिष्य तयार केले, एवढे म्हटले तर त्यांचे श्रेय काही कमी होत नाही. 1818 मध्ये पेशवाई संपली, बाजीराव कानपूरजवळच्या बिठूरला गेले आणि मल्लखांबही उत्तरेत पोचला. काशीत बाळंभटांचे शिष्य कोंडभट गोडबोले यांनी तो वाढवला. वेताचा मल्लखांब तिथलाच म्हणतात. वेताच्या जागी पुढे दोर आला आणि दोरावर मुलीही आल्या.

‘मानसोल्लासा’त मल्लांचा खुराकही आहे : डाळी, मांस, दूध, साखर, आणि हे सारे राजाच्या खर्चाने. राजाश्रय गेला, खुराकाची कल्पना मात्र राहिली. ‘व्यायाम करायचा तर दूध, तूप, बदाम हवेत’ हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. आमच्या मते या एका वाक्याने जितकी गरीब मुले तालमीच्या दारातून परत फिरवली, तितकी दुसऱ्या कशानेही नसतील. तेव्हा हिशेबच करून पाहू.

40 किलो वजनाचा मुलगा खांबावर 2 मीटर चढला. वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार केला की 40 × 9.8 × 2, म्हणजे 784 जूल कार्य झाले. स्नायूंची कार्यक्षमता साधारण 20 ते 25 टक्के असते, म्हणून शरीराने सुमारे साडेतीन हजार जूल खर्च केले. कॅलरीत सांगायचे तर एक किलोकॅलरीही नाही! वीस वेळा चढला तरी 16 ते 17 किलोकॅलरी, म्हणजे बाजरीच्या पाचेक ग्रॅम पिठाइतकी ऊर्जा. एक लहानसा घास. इथे एखादा चौकस विद्यार्थी विचारील की खांबाला नुसते धरून स्थिर राहिले तर उंची बदलत नाही, कार्य शून्य, मग दम का लागतो? प्रश्न उत्तम आहे. स्नायू ताणलेले ठेवण्यासाठी त्यांचे तंतू आत सतत पकड घेत आणि सोडत असतात, आणि त्याला ऊर्जा लागते. यांत्रिक कार्य शून्य असले तरी खर्च शून्य नसतो. हा खर्च धरूनही तासाभराच्या सरावासाठी एखादी भाकरी जास्त पुरते.

स्नायू घडवण्यासाठी प्रथिने लागतात, हे खरे. या वजनाच्या मुलाला दिवसाला 35 ते 40 ग्रॅम प्रथिने पुरेशी होतात. 200 ग्रॅम बाजरीतून 20 ग्रॅमहून अधिक मिळतात, 50 ग्रॅम तूरडाळीतून सुमारे 11 आणि मूठभर शेंगदाण्यांतून 6. धान्यात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असते, ते डाळ भरून काढते. पेठ-सुरगाण्याकडची नागली तर 100 ग्रॅमला सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम देते. तांदळात ते त्याच्या दहाव्या भागाहूनही कमी असते. दूध-अंडी मिळाली तर उत्तमच, पण ती नाहीत म्हणून मुलाला खांबापासून दूर ठेवायला आधार नाही. पोटभर जेवणच मिळत नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे आधी जेवणाची सोय पाहावी लागते.

जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांना रोज सरासरी 60 मिनिटे हालचाल सुचवते, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम. दुसऱ्या भागात आपल्या शाळांची पी.टी. बहुधा लंगडी पडते. हात वर, हात खाली यांत हाडांवर भार येतोच कुठे? खांबावर शरीराचे सगळे वजनच भार होते. पकड, पोट, पाठ, मांड्या एकदम कामाला लागतात.

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने 1936 मध्ये बर्लिनला भारतीय व्यायामांची प्रात्यक्षिके केली. 2019 मध्ये मुंबईच्या शिवाजी पार्कवर मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. साहित्य अजून तेच आहे : जमिनीत पुरलेला, वर निमुळता होत जाणारा लाकडी खांब, त्याला एरंडेल तेल, खाली गादी, आणि शेजारी जाणता शिक्षक. यांतला खांब सुताराकडून करून घेता येतो.