स्वादुपिंडाची तपासणी: जास्त दिसणं आणि वेळेत दिसणं

विषयाचा इतिहास वाचताना 'आजवर काय सापडलं?' एवढंच विचारू नका. 'सापडलं म्हणजे नेमकं काय मोजलं?' हेही विचारा. एक उदाहरण बघू.

स्वादुपिंडाचा कॅन्सर लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. मग सगळ्यांनाच आधी का तपासत नाहीत? आजार विरळ आहे, त्यामुळे खऱ्या रुग्णांपेक्षा विनाकारण घाबरवलेले लोकच जास्त निघतील. १९९०च्या दशकात सीडीकेएन२ए, बीआरसीए२ या जनुकांतले बदल या कॅन्सरशी जोडले गेले आणि निदान तपासायचं कोणाला, हे कळू लागलं.

अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या पुढाकाराने 'कॅप्स' अभ्यास सुरू झाले. त्यातल्या एकाचे निष्कर्ष २०१२ साली आले. धोका जास्त पण लक्षणं नाहीत अशा २१६ जणांना तीन प्रकारे तपासलं होतं. सीटीत ११ टक्के, एमआरआयमध्ये ३३ टक्के आणि एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडमध्ये जवळपास ४३ टक्के लोकांत काहीतरी दिसलं. मग जिंकलं कोण? थांबा. दिसलेल्यात बहुतेक छोट्या सिस्ट होत्या. शस्त्रक्रिया झाली ५ जणांची, आणि कॅन्सरच्या उंबरठ्यावरचे बदल निघाले त्यातल्या ३ जणांत.

नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये सीडीकेएन२एचा बदल असलेल्यांचा २००० पासून दरवर्षी एमआरआय होतोय. २०२२ साली वीस वर्षांचा हिशोब आला: ३४७ जण, त्यातल्या ३१ जणांत मिळून ३६ कॅन्सर. ३० शस्त्रक्रियेजोगे होते; पहिल्या टप्प्यातले मात्र १२च. पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ३२ टक्के. आकडा आशादायक आहे, पण जपून वाचा. निदान लवकर झालं की निदानानंतरची वर्षं वाढलेली दिसतातच, मृत्यू पुढे गेला नसला तरी. यालाच लीड टाइम बायस म्हणतात.

आता जलद एमआरआयकडे या. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन आणि काही सिक्वेन्स गाळायचे, म्हणजे वेळ वाचतो आणि दरवर्षी येणं सोपं होतं. टी२ चित्रात द्रव पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे सिस्ट आणि नलिका इंजेक्शनशिवायही ओळखता येतात. छोटी भरीव गाठ तशी उठून दिसत नाही. तिथे डिफ्यूजन आणि कॉन्ट्रास्टची मदत लागते. म्हणजे सिस्ट मोजून जलद तपासणीला पास केलं, तर पेपर सोप्या प्रश्नांचाच काढला म्हणायचा.

म्हणून असा शोधनिबंध हातात आला की आधी हे शोधा: त्यात भरीव गाठी किती होत्या, आणि त्यातल्या किती निसटल्या?