तांडा, टेलिफोन आणि हरवलेले दोन बाइट

यंदा रामनवमीला बऱ्याच वर्षांनी पोहरादेवीला जाणं झालं. सोबत ताई आली नव्हती, पण तिचा मुलगा होता. सेवालाल महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं, ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेलं बंजारा विरासत संग्रहालय पाहिलं, जत्रेत ऊन खाल्लं. गाडीपाशी परत येईपर्यंत भाच्याने दोनशे फोटो पुण्याला ताईला पाठवूनसुद्धा टाकले होते.

मी नेहमीचा प्रश्न विचारला, "पोचले का?"

"मामा, पाठवले म्हणजे पोचतातच ना!"

आमच्या घरातल्या लोकांना हे वाचून हसू येईल. पाठवणं आणि पोचणं यातला फरक मी एकदा फार महागात शिकलो आहे. पण ती गोष्ट शेवटी सांगतो. आधी जरा इतिहास.

भाच्याने संग्रहालयातून बाहेर पडताना विचारलं होतं, की तांडा नेमकं करायचा काय? मी म्हटलं, आपण ट्रान्सपोर्टवाले होतो. धान्य, मीठ जिथे मुबलक आहे तिथून उचलायचं आणि जिथे टंचाई आहे तिथे पोचवायचं. लमाण हा शब्दच लवण म्हणजे मिठावरून आला असं सांगतात. पीटर मंडी नावाचा इंग्रज १६३२ साली आग्र्याहून पाटण्याला निघाला होता. वाटेत त्याला एक तांडा भेटला, बैल होते १४,०००, सगळे धान्याने लादलेले. दिवसाची मजल जेमतेम सहा-सात मैल. पुढे १८०३ मध्ये वेलस्लीच्या फौजेचं दख्खनमधलं पोट याच लोकांनी भरलं. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि मोठ्या मालाच्या या व्यवसायाचे दिवस भरत आले.

या कामाचं मर्म गठ्ठ्यात होतं. एक बैल, एक गोण घेऊन कोणी निघत नसे. माल साचू द्यायचा, सगळा एकदम लादायचा, एका नायकाच्या शब्दावर निघायचं. वाट लांब आणि खर्चाची असली की माणूस गठ्ठा करतो. कॉम्प्युटरच्या लोकांनी हेच पुन्हा शोधून काढलं, फक्त बैलांच्या जागी टेलिफोनची तार आली.

एका कॉम्प्युटरवरची फाइल दूरच्या कॉम्प्युटरवर कशी न्यायची याचे पहिले नियम १६ एप्रिल १९७१ रोजी लिहिले गेले. एफटीपी म्हणतात ते हेच. लिहिणारे अभय भूषण, अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीचे विद्यार्थी, तेव्हा अमेरिकेत एमआयटीत होते. त्यांच्या योजनेचं पुढे जे रूप पक्कं झालं त्यात दोन वाटा असतात. एका वाटेवर नुसतं बोलणं चालतं (ही फाइल घे, घेतली), दुसऱ्या वाटेवरून खरा माल जातो.

भारतात मात्र सुरुवातीला कायमची जोडलेली तार कुठली असायला! १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने अर्नेट सुरू केलं. मुंबईत जुहूला एनसीएसटी ही संस्था होती, श्रीनिवासन रमणी तिचे प्रमुख. ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली, ती यूयूसीपी या पद्धतीने. अमेरिकेत बेल लॅब्समध्ये तयार झालेली ही पद्धत अगदी तांड्यासारखी आहे. पत्रं, फाइली दिवसभर रांगेत साचू द्यायच्या. ठरल्या वेळी मॉडेमने फोन लावायचा. साचलेला सगळा माल इकडून तिकडे, तिकडचा इकडे, आणि फोन ठेवून द्यायचा. १९८९ मध्ये याच एनसीएसटीतून थेट अमेरिकेला तार जोडली गेली, वेग सेकंदाला ९,६०० बिट. म्हणजे साधारण बाराशे अक्षरं. आज एक फोटो चाळीस मिनिटं घेईल. आणि त्या एका तारेवर देशभरातल्या संस्थांची पत्रं जात होती.

सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला. आमच्या वाशीमला (जिल्हा झाला १९९८ मध्ये) ते सायबर कॅफेच्या रूपाने आलं, आणि आता माझी गोष्ट.

साल २००३. आजीच्या ट्रंकेत एक अल्बम होता. फेटिया-कांचळीतली आजी, तिच्या बहिणी, तांड्यातली लग्नं, पोहरादेवीची जुनी जत्रा. मला नवीन हुक्की आली होती, फुकटच्या जागेवर घराण्याचं वेबपेज करायची. कॅफेत बसून ४८ फोटो स्कॅन केले, प्रत्येक साधारण दीडशे किलोबाइटचा. मग विंडोजच्या काळ्या पडद्यावर एफटीपी उघडलं. एकेक फाइल पाठवायला बोटं दुखतील, म्हणून एमपुट ही आज्ञा शिकून घेतली होती. एका ओळीत सगळा गठ्ठा रवाना. खरं तर एफटीपीच्या नियमांत गठ्ठा असा नाहीच, आपला प्रोग्राम एकामागून एक फाइल लादत जातो. प्रत्येक फाइलनंतर समोरून उत्तर येत होतं, २२६, ट्रान्स्फर पूर्ण. अठ्ठेचाळीस वेळा २२६! सेकंदाला तीन किलोबाइटच्या वेगाने चाळीस मिनिटं लागली. तास संपत आला होता, मशीन दुसऱ्याची होती, म्हणून स्कॅन केलेल्या फाइली मी स्वतःच्या हाताने पुसल्या आणि घरी आलो. एकही फोटो उघडून पाहिला नाही.

त्या पावसाळ्यात घराची मागची भिंत बसली. ट्रंक भिजली. अल्बमचा लगदा झाला. मी सगळ्यांना धीर देत होतो, काळजी करू नका, फोटो इंटरनेटवर आहेत. मग ताईने पुण्याहून ते उघडले.

एफटीपीला माल दोन प्रकारे नेता येतो, मजकूर म्हणून किंवा जसाच्या तसा. विंडोजचा तो प्रोग्राम काही न सांगितल्यास सगळं मजकूर समजतो. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी दोन खुणा असतात, युनिक्समध्ये एक, म्हणून वाटेत ती जादा खूण काढून टाकली जाते. पत्र असेल तर हा उपकारच. पण फोटोत तीच दोन चिन्हं योगायोगाने शेजारी आली तरी तिथलाही एक बाइट जातो. हिशेब केला तर दीड लाख बाइटांत असा योग सरासरी दोन-तीनदा येतो. दीड लाखात दोन! पण तेवढ्याने पुढचं सगळं चित्र सरकतं, रंगीत पट्ट्या होतात. "बायनरी" हा एक शब्द आधी टाइप केला असता तर काही झालं नसतं.

४८ पैकी ५ फोटो धडधाकट निघाले. काहींत वरचा भाग शाबूत होता, म्हणजे आजीचा चेहरा दिसतो आणि गळ्याखाली हिरव्या-जांभळ्या पट्ट्या. आजीने एक असा फोटो पाहिला आणि म्हणाली, "चेहरा आहे ना, मग झालं." मला ते अजून झालेलं नाही.

२२६ खोटं नव्हतं. त्याचा अर्थ एवढाच, की पाठवणाऱ्याने जे दिलं ते घेणाऱ्याने घेतलं. माल तोच आहे का, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. गोण फाटली तर धान्य सांडलेलं दिसतं, फाइलचं सांडलेलं दिसत नाही. ते उघडूनच बघावं लागतं. पुढे आरसिंक वगैरे साधनं आली, ती दोन्हीकडच्या फाइलींचा हिशेब ताडून बघतात. एफटीपी तर २०२१ मध्ये क्रोम आणि फायरफॉक्स दोघांनीही काढून टाकलं. पण वाटेत माल बदलण्याची खोड गेलेली नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होऊन जातो, डॉक्युमेंट म्हणून पाठवला तरच जसाच्या तसा.

असो. तर पोहरादेवीच्या त्या दुपारी भाचा म्हणाला, "मामा, डबल टिक आलंय."

मी ताईला फोन लावला. म्हटलं, शेवटचा फोटो उघड आणि मोठा करून सांग, काय दिसतंय?

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ताई म्हणाली, "तुम्ही दोघं आहात. मागे समाधीचा कळस. आणि तुझ्या चपलेचा अंगठा तुटलाय."

पोचला.