मॉड ॲडम्स : ब्रॉडवेची पीटर पॅन

मॉड ॲडम्स यांचा जन्म १८७२ साली सॉल्ट लेक सिटीत झाला. आई ॲनी ॲडम्स अभिनेत्री असल्याने त्या बालपणीच रंगमंचावर आल्या. निर्माते चार्ल्स फ्रोमन यांच्या ‘द लिटल मिनिस्टर’ने १८९७ मध्ये त्यांना आघाडीची नायिका केले. जे. एम. बॅरी यांचे ‘पीटर पॅन’ ६ नोव्हेंबर १९०५ रोजी न्यूयॉर्कच्या एम्पायर थिएटरात आले. कधीच मोठा न होणारा मुलगा त्यांनी तिशी उलटल्यावर साकारला. त्यांची सर्वांत थोर भूमिका हीच. १९११ मध्ये ‘शाँतक्लेर’मध्ये तर त्या कोंबडा झाल्या. १९१५ मध्ये लुसिटानिया हे जहाज बुडाले, त्यात फ्रोमन गेले. १९१८ नंतर ब्रॉडवे सोडून त्यांनी प्रखर विद्युतदिव्यांच्या संशोधनात लक्ष घातले. पुढे मिसुरीतील स्टीफन्स कॉलेजात त्यांनी नाट्यशिक्षण दिले. १९५३ साली त्यांचे निधन झाले.