1922: देश मिळाला, दोस्त गेले आणि डेटा जळाला

आजच्या भागात आपण एकच देश आणि एकच वर्ष घेणार आहोत. देश आयर्लंड, वर्ष 1922.

शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आयर्लंड आपल्याला एका ओळीत भेटतो. आपल्या राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं तिकडून घेतली, एवढंच. पण त्या देशाचा जन्म कसा झाला, हे कुणी सांगत नाही. तेच आज बघू.

थोडी पार्श्वभूमी. 1919 ते 1921 आयरिश क्रांतिकारक ब्रिटिशांशी गनिमी काव्याने लढले. मग 6 डिसेंबर 1921 रोजी लंडनमध्ये करार झाला. आयर्लंडला स्वतःचं सरकार आणि स्वतःचं सैन्य मिळणार होतं, पण पूर्ण प्रजासत्ताक नाही. खासदारांनी ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यायची होती. शिवाय उत्तरेच्या 6 काउंटी आधीच वेगळ्या काढल्या होत्या, त्या वेगळ्या राहण्याची वाट मोकळीच होती.

करारावर सही करणाऱ्यांमध्ये होता मायकल कॉलिन्स, वय 31. त्याचं म्हणणं साधं होतं: हे अंतिम स्वातंत्र्य नाही, पण तिथपर्यंत जायचा रस्ता आहे. विरोधात होते राष्ट्राध्यक्ष एमॉन डी व्हॅलेरा. 7 जानेवारी 1922 ला आयरिश संसदेत मतदान झालं. बाजूने 64, विरोधात 57. अख्ख्या देशाचं भवितव्य 7 मतांवर ठरलं. काही दिवसांतच डी व्हॅलेरांचं पद गेलं आणि आर्थर ग्रिफिथ त्यांच्या जागी आले.

16 जानेवारीला डब्लिन कॅसल, म्हणजे ब्रिटिश सत्तेचं मुख्य ठाणं, कॉलिन्सच्या ताब्यात आलं. एक किस्सा सांगतात, खरा-खोटा देव जाणे. कुणीतरी म्हणालं, तुम्ही 7 मिनिटं उशिरा आलात. कॉलिन्स म्हणाला, आम्ही 700 वर्षं थांबलो, तुम्ही 7 मिनिटं थांबा की!

त्याच वर्षी रस्त्यावरच्या लाल टपालपेट्या हिरव्या रंगवल्या गेल्या. पेट्या त्याच, त्यांच्यावर ओतीव लोखंडात ब्रिटिश राजाची मुद्राही तीच, फक्त रंग नवा. त्या वेळच्या आयर्लंडची अवस्था साधारण अशीच होती.

पण करारविरोधकांना हा नुसता रंग मान्य नव्हता. 14 एप्रिलला रोरी ओ'कॉनरच्या माणसांनी डब्लिनमधल्या न्यायालयांची भव्य इमारत, 'फोर कोर्ट्स', ताब्यात घेतली. जूनमध्ये निवडणूक झाली. बहुसंख्य मतं करार मान्य करणाऱ्या पक्षांना गेली, पण फोर कोर्ट्समधले हटले नाहीत. 22 जूनला लंडनमध्ये एका ब्रिटिश फील्डमार्शलची हत्या झाली आणि ब्रिटिशांचा दबाव वाढला. मग फोर कोर्ट्सवाल्यांनी सरकारी सैन्याच्या एका जनरललाच पळवून नेलं. शेवटी 28 जूनला कॉलिन्सने तोफा डागल्या. तोफा ब्रिटिशांकडूनच उसन्या घेतलेल्या आणि समोर कालपर्यंतचे साथीदार. यादवी युद्ध सुरू झालं.

आता मी सॉफ्टवेअरवाला असल्यामुळे मला सगळ्यात जास्त चटका लावणारा भाग.

फोर कोर्ट्सच्याच आवारात देशाचं अभिलेखागार होतं. 1867 च्या कायद्याने स्थापन झालेलं, तेराव्या शतकापासूनचे कागद सांभाळणारं. दोन भाग होते: पुढे ऑफिस आणि वाचनकक्ष, मागे कागद ठेवायचं कोठार. मध्ये आग अडवण्यासाठी जागा सोडलेली. आग लागली तर ऑफिसच्या बाजूने लागेल, असा हिशोब होता. पण करारविरोधकांनी दारूगोळा ठेवला नेमका कोठाराच्या बाजूला. 30 जूनला प्रचंड स्फोट झाला. तो नेमका कसा झाला, यावर आजही वाद आहे. आग अडवायची सोय उपयोगी पडली, पण उलट्या दिशेने: वाचनकक्ष वाचला, कोठार गेलं. जळक्या कागदांचे तुकडे शहरभर उडत होते.

काय काय गेलं? मृत्युपत्रं, कोर्टाचे दप्तर, शेकडो चर्चच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या वह्या. आणि 1821, 1831, 1841, 1851 च्या जनगणना, थोडे तुकडे सोडून सगळ्या. 1845 नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात सुमारे 10 लाख माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. त्यातल्या अनेक गरिबांचं नाव आयुष्यात एकदाच कागदावर आलं होतं, जनगणनेत. तेही पुसलं गेलं. पुढच्या जनगणनांचे, 1861 ते 1891 चे कागद तर सरकारनेच आधी नष्ट करून टाकले होते. 1901 आणि 1911 चे तेवढे वाचले, कारण ते त्या इमारतीत नव्हतेच. सगळा डेटा एकाच ठिकाणी ठेवला की काय होतं, याचं याहून कडू उदाहरण मला माहीत नाही.

इकडे युद्ध थांबेना. 12 ऑगस्टला ग्रिफिथ आजारपणात गेले. 22 ऑगस्टला कॉर्कमधल्या बेल ना ब्ला इथे दबा धरून बसलेल्यांनी कॉलिन्सला गोळी घातली. ती तुकडी टॉम हेल्सची. टॉमचा सख्खा भाऊ शॉन हेल्स कॉलिन्सच्या बाजूचा खासदार होता.

6 डिसेंबरला 'आयरिश फ्री स्टेट' अधिकृतपणे अस्तित्वात आलं. दुसऱ्याच दिवशी उत्तर आयर्लंडने बाहेर राहायचं ठरवलं आणि त्याच दिवशी डब्लिनमध्ये शॉन हेल्सचा खून झाला. बदला म्हणून 8 डिसेंबरच्या सकाळी सरकारने तुरुंगातल्या 4 कैद्यांना गोळ्या घातल्या. खटला नाही, काही नाही. जूनपासून कैदेत असलेली ही माणसं त्या खुनात असणं शक्यच नव्हतं. त्यातला एक रोरी ओ'कॉनर. या शिक्षेला संमती देणाऱ्या मंत्र्यांत होता केव्हिन ओ'हिगिन्स. जेमतेम एक वर्षापूर्वी ओ'हिगिन्सच्या लग्नात नवरदेवाच्या शेजारी करवला म्हणून कोण उभा होता? रोरी ओ'कॉनर.

1927 मध्ये ओ'हिगिन्सचाही खून झाला.

मे 1923 मध्ये युद्ध संपलं, पण पुढची कित्येक दशकं आयर्लंडचे दोन मोठे पक्ष याच फुटीच्या रेषेवर उभे राहिले. गंमत बघा, राजाची शपथ रद्द केली ती 1933 मध्ये, डी व्हॅलेरांच्या सरकारने. तीही कॉलिन्सच्याच वाटेने: मिळालेल्या संसदेत जाऊन, मतदानाने.

आणि कागदांचं काय? 2022 मध्ये, बरोबर 100 वर्षांनी, ट्रिनिटी कॉलेज डब्लिनच्या पुढाकाराने एक वेबसाइट सुरू झाली: 'व्हर्च्युअल रेकॉर्ड ट्रेझरी ऑफ आयर्लंड'. अभिलेखागाराच्या एका अधिकाऱ्याने, हर्बर्ट वूडने, 1919 मध्ये तिथल्या दप्तराची मार्गदर्शिका छापली होती. म्हणजे डेटा गेला, पण इंडेक्स वाचला! त्यावरून काय हरवलंय ते कळलं आणि जगभरच्या संग्रहांत पडलेल्या नकला शोधून जोडल्या गेल्या. जळालेल्या इमारतीचं थ्रीडी मॉडेलही केलंय. फुकट आहे, फोनवर नक्की उघडून बघा.

नकला निघाल्या त्या कागदांच्या. कॉलिन्स आणि रोरी ओ'कॉनर मात्र परत येणार नव्हते. एकाच शत्रूशी लढलेल्या मित्रांना पुढचा रस्ता एकच वाटेल असं नसतं. तो मतभेद 7 मतांनी संसदेत मिटला होता. रस्त्यावर नेला, तेव्हा त्याची किंमत मोजावी लागली.

तुमच्या घरात आजोबांची जुनी कागदपत्रं असतील, तर या रविवारी फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा. भेटू पुढच्या भागात!